घोडीनं बोलायचं नसतं

चादरीखाली धुण्याच्या साबणाचा वास,
आणि वरून, कवटीतून झिरपणारा चुन्याचा.
वर्षभर ती चुन्यात पुरलेली असते
ग्लेनिसच्या खुराड्यामागे, कोंबड्यांच्या राखणीत.
नाव मारी लूइड.
एमलिन सगळ्यांना सांगतो, खाणीत गाड्या ओढायची.
खरं तर ती मागवली एका पशुवैद्याकडून,
टपालखर्च वेगळा.
डोळ्यांत बिअरच्या हिरव्या बाटल्यांची बुडं,
मानेवर रिबिनी: तीन टेग्वेनच्या मोडलेल्या लग्नातल्या,
एक चॉकलेटच्या खोक्यावरची.

दांडा माझ्या हातात. दोरी ओढली की
जबडा वाजतो, खट्.
एवढंच माझं काम.
गाणारे पुढे. टेग्वेन, एमलिन,
आणि स्वावोमिर, पावभट्टीतला,
वेल्श शिकून दोनच वर्षं झालीत
आणि उच्चार आमच्याहून स्वच्छ.
कडेला हू झाडू घेऊन, लुगड्यासारखं काहीतरी गुंडाळून,
दाढी तशीच.

जानेवारीचा तेरावा दिवस,
जुन्या पंचांगाचं नवं वर्ष.
चढावरचं शेवटचं घर इद्वालचं.
दिवा विझवलेला, कडी आतून.
म्हणजे त्याला नियम माहीत आहे.
सत्तावन्न वर्षं या दाराशी कुणी गात आलं नव्हतं.
बापाकडून घेतलेले जवाब त्यानं
मेंढ्या कातरताना मेंढ्यांनाच ऐकवले म्हणे,
त्यांनी कधी उलट उत्तर दिलं नाही.

आमच्याकडे सवाल आठ.
टेग्वेननं लॅमिनेट करून आणलेले.

*दार उघडा, वारा झोंबे, घोडी आली उपाशी.*
आतून, लगेच, जणू जीभ दाराला टेकवूनच उभा होता:
*उपाशी तर चिंध्या चावा, काय काम आमच्यापाशी?*

खट्, मी म्हटलं.
शेजारच्या घराची खिडकी उघडली.

पाच. सहा. सात.
त्यानं आमच्या गळ्यांना गंजलेल्या बिजागरी म्हटलं,
स्वावोमिरच्या टोपीवर दोन ओळी रचल्या
टपालाच्या फटीतून बघून.
आठ संपले. आम्ही पुन्हा पहिला लावला.
«हा झाला,» आतून हसू. «नवा आण.»
भेंडी चढणार, तेवढ्यात एमलिननं
जागच्या जागी एक जुळवला, व्याकरण मोडून,
आणि इद्वालनं जवाब देता देता
व्याकरणही दुरुस्त करून दिलं.

मग त्याचा पुढचा.
*तुमच्या घोडीच्या पाठीवरती पडलं आहे…*
थांबला.
आम्हाला वाटलं, खोकला.
पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच.
आत किटली शिट्टी देत राहिली, कुणी उतरवली नाही.
टपालाच्या फटीतून वाफ येत होती, श्वासाची,
आणि चार बोटं, पत्रा धरून.

टेग्वेननं हातातला कागद उलटा केला. मागं कोरा.

तो शब्द मला माहीत होता.
मंगळवारी संध्याकाळी, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर,
फी भरून घेतलेला.
रोज सकाळी गाडीच्या काचेवरून
बँकेच्या कार्डानं खरवडते मी ते दहिवर,
आणि खरवडताना म्हणते, विसरू नये म्हणून.
माझ्या आईला तो आला नाही. तिच्या आईला
शाळेत त्याच्यासाठी मार बसला.

कवटी पुढं झुकवली, फटीपाशी,
आणि जबड्यातून म्हटलं:
बारिग.

कुणीच हललं नाही.
हूचा झाडू तेवढा पायरीवरून घरंगळला.
मग आतून, हळू: «घोडी बोलली.»
मग कडी.

हरलं कोण, यावर एमलिन अजून वाद घालतो,
तोंडात केक असताना त्या रात्रीही घालत होता.
हूनं चुलीपुढची राख झाडली आणि गालिच्यावर आणली.
मला टीव्हीशेजारी उभं केलं.
चादर काढ, कुणीतरी म्हणालं. मी काढली नाही.

इद्वाल आला, कपातली बिअर सांडत.
चादरीला असलेल्या फटीकडे त्यानं बघितलंच नाही.
वर, हिरव्या काचांमध्ये बघितलं,
कपाळाच्या हाडावर हात ठेवला, आजारी जनावराला ठेवतात तसा,
आणि विचारलं,
कुणी शिकवलं गं तुला?

मी दोरी ओढली.
खट्.